दगडी गावातला मुक्काम

२२ जून २००८, रविवार

पहाटे मित्रा क्लासला जाते आणि मग दिवसभर मी आणि ही खोली एकमेकींचं तोंड बघत बसतो. बारावीसाठी आम्ही मायलेकी लातूरला ट्यूशन एरियात खोली करून राहिलो आहोत. नवरा, नागसेन, तिकडे इस्लापूरला शाळेवर. या गल्लीत खोलीगणिक एक बाई आहे. मुलांनी डॉक्टर व्हायचं आणि बायांनी भाकऱ्या थापायच्या, अशी सरळ वाटणी आहे.

आज मात्र मी उंबरा ओलांडला. शेजारच्या खोलीतल्या केवळामावशी म्हणाल्या, "चल गं इशाखा, औसा रोडला पाळणे हायत म्हनं." आम्ही ऑटोत बसून मौजनगरीला गेलो. काय ते वैभव! घसरगुंडीतून माणसं पाण्यात पडतात आणि बाहेर येऊन पुन्हा रांगेत उभी राहतात. मोठमोठे लोक, वकील-बिकील, गाढवाच्या तोंडाच्या गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. मला हे गाव एकदम आवडलं.

आकाशपाळण्यात आम्ही वर पोचलो आणि लाईट गेली. लातूरची लाईट ती, तिला कुठं मुहूर्त लागतो! मी दांडीला घट्ट धरून डोळे मिटले. मावशी मात्र पदरातल्या शेंगा फोडून खात होत्या. वर म्हणाल्या, "लई मोकळं हाय बग इथं." पन्नाशी उलटलेली बाई, पण कशाकशाला भीत नाही. येताना मी वर्षाचा पासच काढला. नागसेनला अजून सांगितलेलं नाही.

६ जुलै, रविवार

पासाचे पैसे वसूल करायचे म्हणून (हे नागसेनसाठी लिहिलंय, खरं कारण वेगळं आहे) आठवड्यातून दोन-तीनदा जाते. मौजनगरीत माझी लाडकी जागा म्हणजे पार मागचा कोपरा. तिथं एक दगडी गाव बांधलंय. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी सर, म्हणजे तुळया, आणि त्यांवर मातीचं सपाट छत, म्हणजे माळवद, उंबरे, देवळ्या, ओटे. मधोमध कडुलिंब. आत गेलं की माठात शिरल्यासारखं गार वाटतं. आणि गंमत म्हणजे सगळीकडे झुंबड असताना इथं चिटपाखरू नसतं. मला तर ते माझ्यासाठीच बांधल्यासारखं वाटतं. इथल्या ओट्यावर बसलं की मी लातूरच्या खोलीत राहते हे तासभर विसरायला होतं.

पण आज वाईट बातमी कळली. मौजनगरीचे मॅनेजर जीशानभाई फाटकाशी फळा लावत होते: 'दगडी गावाचं काय करावं? चाहत्यांनो, तुम्हीच सांगा.' मी विचारलं तर म्हणाले, "ताई, सेठचा हुकूम आहे. दिवाळीपर्यंत तिथं पब्लिक आलं तर ठीक, नाहीतर पाडून एका क्लासला होस्टेल बांधायला जागा देणार."

म्हणजे माझा ओटा जाऊन तिथंही पुन्हा खोल्याच! मी तिथंच ठरवलं, हे गाव वाचवायचं.

मावशींनाही आत बोलावलं. त्या कडुलिंबाच्या पलीकडे उन्हात बसून राहिल्या. "आत गारवा आहे, या ना." "मला उन्हाची सवय हाय, माय. तू बस." कष्टाचं अंग आहे, उन्हातान्हाची पर्वा नाही.

१७ जुलै, गुरुवार

केवळामावशींकडून शिकावं तेवढं थोडं. आज त्यांची खोली नीट पाहिली. डोक्यावर फळी नाही, उतरंड नाही, माळा नाही. सगळी भांडी जमिनीवर भिंतीकडेला ओळीनं लावलेली. दार रात्रंदिवस उघडं. त्या आणि गुरुलिंग, म्हणजे त्या ज्याच्यासाठी इथं राहतात तो मुलगा, दोघंही बाहेर गॅलरीत झोपतात. उशाशी पाण्याचा तांब्या, त्यावर पालथं फुलपात्र आणि त्या फुलपात्रावर आणखी एक वाटी, अशी की फुंकर मारली तरी पडेल. मी म्हटलं, "मावशी, रात्री तहान लागली तर केवढा खडखडाट होईल." त्या हसल्या. त्यांना झोपेतही टापटीप लागते.

मी आल्या आल्या आमची फळी उतरवून भांडी खाली मांडली. मित्रा ठेचकाळली आणि चिडली.

मावशींची ज्वारी किल्लारीच्या जीपनं येते. किल्लारी म्हटलं की भूकंपच आठवतो, पण गाव आता नवं वसलंय, सगळ्यांना पक्की घरं मिळाली म्हणे. मावशी त्याबद्दल कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणजे त्यांच्या घराला फारसं काही झालं नसावं. बरंच झालं.

३ ऑगस्ट, रविवार

आज चाहत्यांची बैठक झाली. सबिहाबाजी अध्यक्ष. त्यांचं गंजगोलाईत बांगड्यांचं दुकान आहे आणि आवाज असा की पाळण्यातला माणूस खाली बघतो. त्या पाण्याच्या घसरगुंडीवरून बुरख्यासकट येतात आणि उठून पहिल्यांदा बांगड्या मोजतात. मला त्या बाई फार आवडतात.

सूचना भरपूर आल्या. सबिहाबाजींना मीनाबाजार हवा. कुणाला बर्फाची खोली, कुणाला भूतबंगला. गुरुलिंग म्हणाला, "नुसतं झोपायला जागा करा." मित्रा म्हणाली, "जिथं कुणी मार्क विचारत नाही असा कोपरा करा." पोरं हसली. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, दोघांच्याही डोळ्यांखाली काळं आलंय.

मी उठून म्हटलं, आमच्या इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा आहे, तसा इथं करा. जीशानभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, इथं पिण्याचं पाणी टँकरनं येतंय!" सगळे हसले, मीही हसले.

शेवटी सबिहाबाजींनी विचारलं, "हे गाव बांधलं कुणी?" पुण्याच्या आर्किटेक्टनं, असं जीशानभाई म्हणाले. "तरीच," त्या म्हणाल्या. पुण्याच्या कामाला इकडं मान आहेच.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सुचलं! लोक येतात, बघतात, जातात. त्यांना तिथं राहू द्यायला हवं. दगडी गावात एका रात्रीचा मुक्काम! कंदील, पिठलं-भाकरी, वाकळा, आणि ज्यांच्या मुलांना घराची आठवण येते त्या सगळ्या आयांना आमंत्रण. एकदा माणूस त्या माळवदाखाली झोपला की पुन्हा येणारच.

रमजान चालू आहे, सबिहाबाजी महिनाभर येणार नाहीत, तेव्हा मी थेट जीशानभाईंना गाठलं. त्यांचा रोजा होता, पण ऐकून चेहरा उजळला. ते मूळचे उदगीरचे, वाढले मात्र हैदराबादेत मामाकडे. "ताई, कमाल केली," म्हणाले. तारीखही लगेच ठरली, अनंत चतुर्दशी, रविवार. सोमवारी क्लासेस बंद असतात. आमच्या घरी गणपती नसतो, आणि ज्यांच्याकडे असतो त्यांचंही संध्याकाळपर्यंत विसर्जन उरकतं. सगळे मोकळे.

मावशींना सांगायला धावले. त्या भाकरी टाकत होत्या.

"कवा म्हनलीस?"

"चतुर्दशीला. येताय ना?"

तव्यावरची भाकरी करपून काळी झाली. त्यांच्या हातून भाकरी करपलेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्याचंच वाईट वाटलं असणार, कारण मग त्यांनी पाठ फिरवली.

६ सप्टेंबर

फाटकाशी मोठा बोर्ड लागला. 'चला गावात झोपायला.' खाली माझं नाव. नागसेनला फोनवर वाचून दाखवलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

एकही नाव आलं नाही. एकही!

गल्लीत फिरून प्रत्येक दाराशी सांगितलं. निलंग्याची बाई म्हणाली, पाय दुखतो. औशाची म्हणाली, पाहुणे आहेत. उमरग्याची तर मला बघून आतच गेली. आणि केवळामावशी! परवा मी त्यांना डब्यातून खीर दिली होती. आज डबा परत आला तो रिकामा. शेजारणीचं भांडं रिकामं परत करतात का कुठं? चिमूटभर साखर तरी घालतात. मला रडूच आलं. माझं नाव बोर्डावर लागलं ते यांना बघवत नाही, दुसरं काय! मित्रा म्हणाली, "आई, त्यांना काहीतरी झालं असेल." मी म्हटलं, "तू अभ्यास कर."

कुणी येवो न येवो, मी त्या गावात झोपणार म्हणजे झोपणार.

१५ सप्टेंबर, सोमवार

कालचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

दिवेलागणीला सगळं तयार होतं. वाकळा अंथरल्या, देवळीत कंदील ठेवले, पिठल्याचं पातेलं झाकून ठेवलं. जीशानभाई फाटकाशी खजूर खाऊन रोजा सोडत वाट बघत होते. कुणी आलं नाही. मित्रा मागाहून येते म्हणाली होती, तीही नव्हती. मी रागानं मधल्या घरात जाऊन वाकळेवर बसले.

तेवढ्यात हाक आली. "इशाखा, भाईर ये."

केवळामावशी एकट्या ऑटो करून आल्या होत्या. कडुलिंबाखाली उभ्या.

"नाही येत. तुम्हीच आत या. एवढं वाईट आहे का माझं घर?"

"भाईर ये म्हनते ना. हात जोडते."

"डबा रिकामा पाठवताना काही वाटलं नाही, आणि आता हात जोडता?"

मी तोंड फिरवून बसले. मग पावलं वाजली. वळून बघते तर मावशी उंबरा ओलांडून आत येत होत्या. एक हात डोक्यावर आडवा धरलेला, डोळे वर माळवदाकडे. त्यांनी माझं मनगट धरलं. मला ओढत त्यांनी बाहेर काढलं, थेट कडुलिंबापलीकडे, जिथं त्या रोज उन्हात बसतात तिथं. मग खाली बसल्या आणि दोन्ही हात मातीवर टेकले.

मग बोलल्या. जसं बोलल्या तसंच लिहिते.

"त्या साली चतुर्दशीचा गनपती बुडवून आलो आन् समदे झोपले. हे लेकरू रडत होतं, दात येत होते त्याला. जाऊ दमली होती, म्हनून म्या त्याला घेऊन अंगनात आले. फिरवत होते. तवा धरनी हालली. म्या बघत होते, इशाखा. घर पडलं न्हाई, खाली बसलं. आत माजा मालक. माजी दोन लेकरं. दीर, जाऊ. असाच दगूड, अशीच माती, वर असंच माळवद."

"गुरुलिंग..."

"जावंचा हाय. माजा न्हाई. आता माजाच."

मी कशी मूर्ख! भूकंपाची तारीख मला पाठ होती, त्र्याण्णवची तीस सप्टेंबर. वर्तमानपत्रातून पाठ झालेली. पण या लोकांच्या मनात ती तारीख नाहीच. त्यांच्या मनात चतुर्दशी आहे. त्या रात्री औसा, निलंगा, उमरगा या बाजूचं माणूस छताखाली झोपत नाही, आणि मी दारोदार जाऊन त्यांना माळवदाखाली झोपायचं आमंत्रण दिलं.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं म्हनजे बोलावं लागतं, माय."

त्यांना मी विचारलं, तांब्यावर ती वाटी कशासाठी? म्हणाल्या, "जरा हाललं की वाजती. मला जाग येती. एवढी वर्सं झाली, वाजली न्हाई कदी. तरी ठेवते." आणि मी त्याला टापटीप समजत होते.

परत आलो तर सगळी गल्ली गच्चीवर झोपायला गेली होती. मित्रा गुरुलिंगला मदत करून वाकळा वर नेत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तिला आपलं आपणच कळलं होतं. मी मावशींशेजारी अंथरूण घातलं. जिवाची एवढी भीती वाटत असताना ही बाई माझ्यासाठी त्या माळवदाखाली आली. माझी सख्खी आई असती तरी यापेक्षा जास्त काय करणार होती?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल ईद झाली. आज सबिहाबाजी शीरखुर्म्याचा डबा आणि शिव्या दोन्ही घेऊन मौजनगरीत आल्या. आधी जीशानभाईंना: "हैदराबादेत वाढलास, पण उदगीरचं पाणी प्यायलास ना? लातुरात चतुर्दशीला हे करतात?" मग मला: "आणि तू गं, मला एक फोन करता येत नव्हता? मी रोज्यात होते, मेले नव्हते." मग दोघांनाही वाट्या भरून दिल्या.

मुक्काम फसला म्हणून सेठनी दिवाळीचीही वाट न बघता पाडायचा हुकूम दिलाय. गुंडप्पा ठेकेदाराची माणसं पुढच्या आठवड्यात येणार. मी म्हटलं, माझी आता एकच सूचना, पाडा. मला तो ओटासुद्धा नको.

मावशी माझ्यासोबत होत्या, आपल्या जागी, उन्हात. त्या म्हणाल्या, "पाडू नको."

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो.

"माळवद काढ. भिती कमरेइतक्या ठेव. उंबरे ऱ्हाऊ दे, चुली ऱ्हाऊ दे, देवळ्या बसतील तेवढ्या ऱ्हाऊ दे. माजं जुनं गाव रान झालंय, तितं बाभळी हायत. नवं घर पक्कं हाय, पन त्यात माजी सासू कुटं बसत होती ते सांगता येत न्हाई. म्या घराला भीत न्हाई, बाबा. घराच्या डोईला भीते."

जीशानभाईंनी डोळे पुसले आणि मग त्यांच्यातला मॅनेजर जागा झाला. "सेठनी पाडा म्हटलंय ना? पाडायला सुरुवात करू. फक्त अर्ध्यावर थांबू!"

१० ऑक्टोबर, शुक्रवार

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरी जाऊन आले. विहारात वंदना झाली. नागसेनला सगळं सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "पास काढलास ते बरं केलंस." त्याला आधीपासून माहीत होतं म्हणे!

आज पहिला सर ओढून काढला. धुरळा उठला तेव्हा मावशींनी तोंड फिरवून माझा खांदा धरला. संध्याकाळी पहिल्या घराची भिंत उतरवली तेव्हा त्या गेल्या, भिंतीवर हात ठेवला. भिंत त्यांच्या छातीला लागत होती. "आनि थोडी उतरव," गुंडप्पाला म्हणाल्या. त्याला वाटलं ह्याच मालकीणबाई आहेत. तो आता प्रत्येक दगड त्यांना विचारून काढतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

जाहिरात केली नाही, बोर्ड लावला नाही. सबिहाबाजी दुकानात बांगड्या भरताना प्रत्येकीला सांगत होत्या, तेवढंच. बांगड्या भरताना बाईला हात सोडवून पळता येत नाही.

आणि आज दगडी गाव भरलं! औशाकडची, निलंग्याकडची माणसं जीपा करून आली. आधी कडेला उभी राहिली. मग एका म्हातारीनं चप्पल काढून उंबरा ओलांडला आणि नातीला म्हणाली, "इतं चूल. इतं मी नांदायला आले तवा माप ठेवलं होतं." मग सगळेच शिरले. "हे आमचं घर", "तुमचं कसं, आमचा दरवाजा पूर्वेचा होता" अशी भांडणंही झाली, आणि भांडणारी माणसं भांडता भांडता हसायला लागली. रडलीही. पोरं भिंतींवरून उड्या मारत होती. त्यांना कुणी ओरडलं नाही.

क्लासची मुलं ओट्यांवर रांगेनं झोपली होती, पुस्तकं तोंडावर घेऊन. तेवढ्यात शरणप्पा सेठ आले. गावाकडे बघून त्यांचा आ वासला. "जीशान, इथं होस्टेल बांधायचं होतं ना?"

जीशानभाई म्हणाले, "सेठ, पोरं झोपलेलीच आहेत की."

सेठ हसले नाहीत. पण ओट्यावर बसले, चहा मागवला, दुसराही मागवला. जाताना म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग हे."

मी सबिहाबाजींना मिठी मारली. त्यांच्या दोन बांगड्या फुटल्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

मुलांना सुटी लागली. उद्या आम्ही इस्लापूरला, मावशी आणि गुरुलिंग किल्लारीला. जाण्याआधी शेवटची चक्कर म्हणून दुपारी मौजनगरीत गेलो. मित्रा आणि गुरुलिंग पाळण्याकडे गेले. मी तिकिटखिडकीशी जीशानभाईंशी बोलत थांबले, मावशी पुढे गेल्या.

मागाहून पोचले तर त्या मधल्या घरात होत्या. ज्या घरातून त्यांनी मला ओढून काढलं होतं तेच घर. चुलीच्या जागेशेजारी पदर अंथरून आडव्या झाल्या होत्या, वर मोकळं आभाळ, अंगावर कडुलिंबाची सावली. गाढ झोप लागली होती, अगदी तोंड उघडं. इतके महिने शेजारी राहते, पण त्यांना असं झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझी नजर सवयीनं उशाकडे गेली. उशाशी काही नव्हतं.

मी परतले, मुलांना शोधलं आणि सांगितलं, अजून थोडे पाळणे खेळा. ऑटोवाल्यानं येऊन हॉर्न वाजवला, त्यालाही थांबायला सांगितलं. उन्हातून आल्यानं मला तहान लागली होती. मावशींचा तांब्या दाराशी उंबऱ्यावर होता, भरलेला. फुलपात्र शेजारी सुलटं ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. मी पाणी प्यायले आणि तिथंच उंबऱ्यावर बसून राहिले, त्या उठेपर्यंत.